अंबूआक्काची राळ आणि माझा वायसर

माझ्या गॅरेजात गिऱ्हाइकानं गाडीला हात घातलेला मला खपत नाही. अपवाद एकच, आणि तोही मी खुशीनं केलेला नाही. अंबूआक्कानं तो करायला लावला.

आक्का जतजवळच्या वाडीवर पिठाची गिरणी चालवते. आता साठी उलटली. तरुणपणी तिचा नवरा कोंडीबा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने कृष्णाकाठी जायचा आणि घरी आक्का, दोन पोरं अन् पाऊस पडला तर ज्वारी. तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, बिराप्पानं, आपल्या वीस मेंढ्या विकून तिला जुनं इंजिन आणि जातं घेऊन दिलं. इंजिनापासून जात्यापर्यंत लांबलचक कापडी पट्टा. तो घसरला की बाप्ये हसायचे, हे बाईचं काम नव्हे म्हणायचे. एकदा त्या पट्ट्यानं तिच्या तर्जनीचं पेर नेलं. आक्कानं बोटाला चिंधी बांधली आणि राहिलेलं दळण पुरं केलं. तेव्हापासून वाडीवर पट्ट्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तिचा असतो.

त्याच बिराप्पाच्या दोन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवारी आणि गुरुवारी त्याला मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं. आक्काची सून सोनिया त्यांची जुनी डिझेल गाडी चालवते, आक्का शेजारी बसते. एक पाळी चुकली की त्याच्या अंगावर सूज येते, धाप लागते. आक्कानं आजवर एकही पाळी चुकू दिलेली नाही.

गाडी तशी गुणी. थंडीत मी तिच्या बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग बदललं, तेवढंच काय ते काम. पण उन्हाळा लागला तसा इंजिनाचा पट्टा किंचाळायला लागला. या एका पट्ट्यावर बॅटरी भरते आणि पाण्याचा पंप फिरतो. तो घसरला की इंजिन तापतं. मी नवा पट्टा घातला. पंधरा दिवसांत तोही ओरडू लागला. मग आक्कानं मला न विचारता गिरणीतली राळ काढली आणि पट्ट्याला चोळली. गिरणीच्या कापडी पट्ट्याला राळ लावतात, त्यानं पकड येते. गाडीचा आवाज बंद झाला. दोन दिवस दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं ते सांगितलं.

सोमवारी मिरजेहून परतताना राळेला चिकटलेल्या धुळीनं पट्ट्याच्या खाचा भरल्या. नागजजवळ पट्टा घसरला, इंजिन तापलं आणि बिराप्पा दीड तास उन्हात बसून राहिला. गाडी ओढत घरी आणली. मी भाचीच्या लग्नाला आष्ट्याला गेलेलो, तो बुधवारी रात्री परतलो.

गुरुवारी सकाळी सातला गाडी तशीच ओढत माझ्या दारात आणली. मागच्या सीटवर बिराप्पा, पाय सुजलेले. साडेअकराचा नंबर. लग्नाची दाट तिथ असल्यानं भाड्याची गाडी कुठं मोकळी नव्हती, आणि एसटीत तो मागं एकदा चक्कर येऊन पडला होता. मी पट्टा पाहिला आणि माझं डोकं सणकलं.

"आक्का, ह्यो गिरणीचा पट्टा हाय का? कुणी सांगितलं व्हतं राळ चोळायला?"

गॅरेजात चार गिऱ्हाइकं होती. मला वाटलं, ती आता माझ्यावर उलटेल.

"कुणी न्हाई. मीच लावली," ती म्हणाली. "चूक माजी. भावाला उनात मीच बसीवलं. आता काय करायचं त्ये सांग, लाला."

मी पुल्या, म्हणजे पट्टा फिरतो ती चाकं, पेट्रोलनं धुतल्या आणि नवा पट्टा चढवला. सोनियानं गाडी चालू केली. पाच मिनिटांत तोच आवाज.

"नवा हाय, बसंल हळूहळू. जावा तुमी," मी म्हणालो.

"न्हाई," आक्का म्हणाली. "तीन पट्टे झालं. पट्टा काय सारखा वंगाळ निघत न्हाई. चाक वाकडं आसंल."

"आवं, चाक कशानं वाकडं हुईल?"

"त्येच बगायचं. आठ वाजल्यात, मी हालत न्हाई."

नाइलाजानं मी फिरत्या पट्ट्यावर थोडं पाणी सोडलं. पट्टा सैल असता तर आवाज वाढला असता. तो थांबला आणि पाणी उडताच परत सुरू झाला. म्हणजे पुल्या एका रेषेत नव्हत्या. ही परीक्षा मला येत होती, पण दोनदा पट्टा बदलताना मी ती केली नव्हती. आवाज आला की पट्टा बदलायचा, एवढंच करत आलो होतो.

इंजिन बंद केल्यावर आक्कानं कमरेला खोचलेली सुतळी काढली, एक टोक सोनियाला दिलं आणि दुसरं आपल्या तोकड्या बोटाखाली धरून पुल्यांच्या तोंडावरून ताणली. दोन पुल्यांना सुतळी नीट टेकली. अल्टरनेटरच्या पुलीशी ज्वारीचा दाणा मावेल एवढी फट राहिली.

मी खाली वाकलो. अल्टरनेटरच्या बोल्टाला वायसर, म्हणजे लोखंडी चकती, पुढून असायला हवा होता. तो मागून बसवलेला होता, म्हणून अल्टरनेटर तेवढा पुढं सरकला होता. थंडीत बेअरिंग बदलल्यापासून त्या बोल्टाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. म्हणजे राळ तिची होती, पण आवाज माझा होता.

मी पाना उचलला. वायसर काढून पुढं घातला, बोल्ट आवळला, पट्टा ताणला. सोनियानं गाडी चालू केली. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. पाणी सोडलं, दिवे लावले, पंखा लावला. पट्टा गप्प होता. नऊ वाजायला आले होते.

"आता ग्वाड वाजतंय बग," आतून बिराप्पा म्हणाला.

आक्का गाडीत बसायला निघाली आणि मला राहवेना. चार माणसांदेखत मी तिला राळेवरून बोललो होतो.

"आक्का, त्यो वायसर मीच उलटा घातला व्हता. थंडीत."

तिनं दार उघडलं, आधी बिराप्पाच्या पायांवरची शाल नीट केली, मग माझ्याकडं पाहिलं.

"म्हाईत हाय रं लाला. मगाशी सुतळी धरली तवाच वायसर दिसला मला. गाडी सुरू झाली तरी तू बोलतोस का न्हाई, त्ये बगत व्हते."

दुपारी बाराला सोनियाचा फोन आला, मामांना मशिनीवर घेतलं म्हणून. तोवर मी दुसऱ्या गाडीला हात लावला नव्हता.