अढीतले जंतू

विज्ञानाच्या इतिहासात एका महान संशोधनाची नोंद राहून गेली आहे, हे मी अत्यंत जड अंतःकरणाने जाहीर करतो. ते संशोधन हिंगोली जिल्ह्यात, आंब्याच्या अढीत झालं. संशोधक मीच!

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी एम.एस्सी.ला होतो. मेंढीला कातर लागली की आमचे मामा दगडी पाला चुरगळून जखमेवर पिळायचे. चार दिवसांत जखम सुकायची. त्या पाल्याने जंतू मरतात, हे मला सिद्ध करायचं होतं. काचेच्या सहा चपट्या बश्यांत खळीसारखं खाद्य थिजवलं, त्यावर जंतू पेरले (स्वतःच्याच पायाच्या फोडातले; संशोधकाला त्याग करावा लागतो!) आणि मधोमध पाल्याचा रस सोडला. सोमवारी सरांना बश्या दाखवायच्या, नाहीतर वर्ष वाया!

नेमकं कॉलेजचं जंतूंना ऊब देणारं यंत्र बंद पडलं. मग बश्या घेऊन गावी आलो. घरात रात्रंदिवस उबदार जागा कोणती? अढी! गवताखाली, आंब्यांच्या मधोमध बश्या दडवल्या.

दुसऱ्या दिवशी बघतो तर बशीभर जंतू आणि रसाभोवती स्वच्छ, मोकळा गोल! मी नाचलोच. इथे गप्प बसलो असतो तर आज कुठल्या कुठे असतो. पण मला भाषणाची खोड!

“माय, मामा, या बशीत कोट्यवधी जंतू हायेत!”

“कुठून आणले रे?” मायने विचारलं.

“माझ्या पायाच्या फोडातून!”

“आन् ठिवले कुठं?”

“अढीत.”

मामा आंबा चोखत होते. कोय तोंडातच थांबली.

“भाच्या... ह्यो माहा तिसरा आंबा हाय रे!”

“झाकणं घट्ट होती, मामा!” मी ओरडलो. पण मामा मोरीत पोचले होते.

मी मात्र ऐटीत फोटोसाठी मित्राचा कॅमेरा आणायला बाळापूरला गेलो. परत येतो तर अंगणात हंडाभर कडुलिंबाचा पाला उकळतोय, दोनशे आंबे आंघोळ करून बाजेवर पसरलेले, मामा हळदीच्या पाण्याने गुळण्या करताहेत आणि माझ्या सहाही बश्या राखेने घासून, त्याच पाल्याच्या पाण्याने धुऊन, लखलखीत, उन्हात पालथ्या!

“माय! माझं संशोधन!” एकेक बशी उलटून बघत मी गळा काढला.

मायने पदराला हात पुसले.

“पाल्यानं जंतू मरतात का, हेच बघायचं व्हतं नं तुला? मंग, समदेच मेले की! आता रडून काहून राहिला?”