अप्पांचं कपाळ आणि तीन नंबरची बोट

तिकिटाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळं दिसतं आणि तिला गप्प राहवत नाही. माझं तर विचारूच नका! नांदेडपासून अर्ध्या तासावर एक तळं आहे, तिथं आमच्या चार फायबरच्या बोटी चालतात आणि मी तिकिटं फाडते. घरी जेवायला बसले की लेक आधीच विचारते, "आई, आज एकच किस्सा, का भाजी गार होईपर्यंत?" तुम्हाला घाई नसेल तर ऐका. सगळे किस्से एकाच पांढऱ्या भुकटीचे आहेत.

*

देगलूरकडचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. नवरदेव काळ्याभोर सुटात. आमच्या तीन नंबरच्या निळ्या बोटीच्या काठावर ऐटीत बसला, हनुवटीखाली हात वगैरे. फोटो झाला, उठला, वळला.

मागे दोन पांढरे गोल! अगदी चुन्यानं काढल्यासारखे.

फोटोग्राफर हुशार. म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. आता सगळे पुढूनच घेऊ."

नवरी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि वरातीत मी मागून चालले तर?"

नवरदेव माझ्या खिडकीशी भांडायला आला. मी म्हटलं, "साहेब, तिकिटावर लिहिलंय, बोटीत बसा. काठावर बसा असं कुठं लिहिलंय?" भांडण करायचं तर माझ्याशी करू नये, हे त्याला उशिरा कळलं.

*

आता ही भुकटी येते कुठून? फायबरच्या बोटीवर वरून एक गुळगुळीत रंगीत थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. वर्षानुवर्षं ते ऊन त्या थराला खातं. आधी चमक जाते, मग रंग फिका पडतो, मग हात लावला की पांढरं पीठ हाताला.

आमचे मालक अप्पा. मूळचे लातूरचे, धंदा तेलाचा, बोटी निव्वळ हौसेनं घेतलेल्या. त्यांना हे पीठ कधी दिसलंच नाही. ते दिसलं परवान्याच्या साहेबांना. साहेबांनी तीन नंबरवर तळहात फिरवला आणि तोच हात आपल्या फायलीवर ठेवला. फायलीवर पाच बोटांचा पांढरा पंजा उठला!

साहेब म्हणाले, "अप्पा, पुरावा तुम्हीच दिलात. दोन महिन्यांनी येतो. हाताला पांढरं लागलं तर परवाना न्हाई."

परवाना नाही म्हणजे बोटी बंद, माझी खिडकी बंद आणि नावाडी मारुती घरी. त्या दिवशी घरी भाजी गरम असतानाच माझं जेवण उरकलं. 

*

पहिला उपाय मारुतीचा. सकाळी सकाळी चुलीची राख आणि नारळाचा काथ्या घेऊन आला आणि बोट भांड्यासारखी घासली. पाणी मारलं तर काय निळी दिसली म्हणता! त्यानं ओरडून अप्पांना बोलावलं, "या, या! नवी कोरी केली!"

अप्पा स्कूटरवरून येईपर्यंत बोट वाळली. पहिल्यापेक्षा पांढरी, वरून ओरखडे!

 मारुती डोकं खाजवत म्हणाला, "अप्पा, ही ओली असली की नवरी, वाळली की सासू."

त्याची बायको डबा द्यायला आली होती. ती बोटीकडं न बघता नवऱ्याकडं बघून म्हणाली, "घरी एक ताट घासलं न्हाई कधी. आणि इथं हे?"

*

दुसरा उपाय खुद्द अप्पांचा. तेलाचा माणूस दुसरं काय करणार! करडईच्या तेलाचा डबा आणला आणि चारी बोटींना चोळला. चमकल्या हो, खोटं कशाला बोलू? पण दुपारपर्यंत तळ्यावरची सगळी धूळ त्यांच्यावर येऊन बसली आणि मुंग्यांनी रांग लावली.

चाकूरची एक आजी बोटीत पाय ठेवल्याबरोबर या टोकाहून त्या टोकाला गेली. मारुतीनं झेललं म्हणून बरं. उठली आणि विचारते, "बाबा, झाली का फेरी?"

आणि माझ्या खिडकीवर तर एकच प्रश्न. "ताई, तळणाचा वास येऊन राहिला, भजी कुठं भेटतात?"

मी वैतागून अप्पांना सांगितलं. अप्पा दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "मग गाडा टाकू का?"

*

शेवटी मीच हमीदचाचांना बोलावलं. नांदेडच्या इतवाऱ्यात जुन्या गाड्यांना पॉलिश करतात, तीन पिढ्यांचा हात. चाचांनी बोट बघितली, काळा रुमाल काढून घासला, रुमालावरचं पीठ बघितलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "ही मेली न्हाई अप्पा. हिला लोकांनी मारलंय."

बोटी सावलीत ओढायला लावल्या. आधी साबणानं तेल काढलं. मग पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, मग कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट लावून मशीन, शेवटी मेणाचा हात. एका वेळी परातीएवढीच जागा. अप्पा घाई करायचे आणि चाचा म्हणायचे, "अप्पा, तुम्ही तेल गरम केल्याशिवाय भजी टाकता का?" भज्यांचं त्यांना मारुतीनं सांगितलं होतं!

अर्धी बोट झाली तेव्हा अर्धी निळीशार, अर्धी राखाडी. अप्पा खूष. "एवढीच ऱ्हाऊ द्या. लोक विचारतील तरी!"

चाचांनी मशीन बंद केलं. "अप्पा, तुम्ही अर्धी दाढी करून दुकानात बसता का?"

काम संपल्यावर चाचा सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेबाच्या हाताला पांढरं लागलं, तर हे मशीन तळ्यात टाकीन. अब्बांचं मशीन हाय, पण टाकीन." हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते.

*

आता खरी गंमत. अप्पांची एक सवय. रोज सकाळी तळ्यावर आले की दुकानाच्या उंबऱ्याला करतात तसा तीन नंबरच्या नाकाला कपाळ टेकवून नमस्कार. अप्पा शंकराचे भक्त, पण सकाळची पूजा करायचा भारी कंटाळा. काकूंना मात्र दुपारी घरी आलेल्या नवऱ्याचं कपाळ पांढरं दिसायचं. चार वर्षं त्या शेजारणींना सांगत होत्या, "आमचे हे तळ्यावर सुद्धा भस्म लावतात!"

बोट चमकली आणि अप्पांचं कपाळ कोरं पडलं. तिसऱ्या दिवशी काकू थेट तळ्यावर. "शोभा, हे पूजा करून राहिले का न्हाई?"

मी खोटं बोलत नाही. सगळं सांगून टाकलं! अप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चाचांनी मात्र यातून काम काढलं. काळा रुमाल खिशात गेला. रोज सकाळी येऊन एकच हाक, "अप्पा, माथा दाखवा." कपाळ कोरं, म्हणजे मेण टिकलंय. आम्ही पण मग बोटी उन्हात सोडेनासे झालो. फेरी झाली की धुवायच्या, पुसायच्या, सावलीत ओढून वर काकूंच्या जुन्या सुती साड्या पांघरायच्या. पुढचा दीड महिना अप्पांचं कपाळ कोरं राहिलं.

*

आणि साहेब यायचा दिवस उजाडला. ऊन सकाळपासूनच पेटलेलं. अप्पा डोक्याला रुमाल गुंडाळून आले, भुवयांपर्यंत.  बोटीजवळ गेले, रुमाल सोडला, नाकाला कपाळ टेकवलं, हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि वर बघितलं.

कपाळ पांढरं!

मारुतीच्या हातातलं वल्हं पडलं. चाचा धावले, काळ्या रुमालानं बोटीचं नाक पुसलं. रुमालावर पांढरी रेघ.  चाचांनी शांतपणे मशीनची वायर गुंडाळली, मशीन उचललं आणि पाण्याकडं चालू लागले. मी खिडकी टाकून पळाले, मारुतीनं त्यांचा हात धरला, आणि तेवढ्यात साहेबांची जीप!

साहेबांनी तीन नंबरवर तळहात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.  हात उलटा करून बघितला. मग दुसरा हात फिरवला, तोही बघितला. दोन्ही स्वच्छ. फायलीवर सही केली आणि म्हणाले, "आता कसं!"

जीप वळल्याबरोबर चाचा मशीन छातीशी धरून अप्पांसमोर उभे राहिले. "बोट साफ हाय. मग हे माथ्यावर काय हाय?"

अप्पांनी रुमाल परत भुवयांपर्यंत ओढला.

"हे घरचं हाय चाचा, खरं भस्म. तुमच्या पॉलिशवर माझा लई भरवसा हाय... पण आज तेवढ्यावर भागंल असं वाटलं न्हाई!"