चौतीस तोंडांपुरती रॅम

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि त्या काळात हळदीपेक्षा बॅनर मोठा झाला होता. दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या गावात मांडवाच्या तोंडाशी दहा बाय आठचा फ्लेक्स लागायचा. मधे नवरदेव, खाली 'शुभेच्छुक' म्हणून भावकीतल्या प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषाचं तोंड. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. दोन वर्षांपूर्वी एका घरच्या बॅनरवर आमच्या चुलतकाकांचा फोटो राहून गेला होता. काका मांडवापर्यंत आले, खालून वर, वरून खाली दोनदा बघितलं, आणि न जेवता घरी गेले. त्या दोन घरांचं बोलणं अजून बंद होतं.

म्हणून माझ्या भावाची हळद ठरली तेव्हा बाबांना मांडवाची नाही, बँडची नाही, एकच काळजी होती. "कोनाचं तोंड राहता कामा नये."

"बॅनर मी घरीच करते," असं मी सगळ्या भावकीसमोर बोलून बसले. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., सेकंड क्लास. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण ते मिळवताना कोणी विचारत नव्हतं. एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर मी घरी आणला होता आणि त्यावर लोकांचे अर्ज, बायोडेटा टाइप करून द्यायचे. त्याची मेमरी दोनशे छप्पन एमबी. अर्जाला ती पुरत होती. भावकीला पुरेना.

अकरा फोटो नीट बसले. बारावे चुलतकाका. त्यांचं कपाळ आलं, भुवया आल्या आणि मशीन थांबलं. पाच मिनिटं मी आणि काकांच्या भुवया एकमेकांकडे बघत बसलो. मग स्क्रीन पांढरी. पुन्हा केलं, पुन्हा भुवयांपर्यंत. हळद शनिवारी, प्रिंटरवाल्याला फाइल गुरुवारी संध्याकाळी हवी, आज मंगळवार. यादीत तोंडं चौतीस.

"रॅम वाढवायला लागेल," मी म्हटलं.

बाबांची छोटी होडी आहे, तिचं इंजिन ते स्वतः खोलतात. ते म्हणाले, "मंग जुनी काडून संगती ने. मी वायसर आनाया जातो तवा जुना वायसर नेतो का नाय?"

"बाबा, हे होडीचं इंजिन नाहीये."

"नाय, पन दुकान दुकानच हाय ना."

मी हात हलवतच पनवेलला गेले. दुकानदाराने विचारलं, "डीडीआर वन की टू, मॅडम?"

रॅमच्या पट्टीलाही जाती असतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. "टू," मी म्हटलं. दोन हे एकापेक्षा जास्त, इतपत कॉमर्स मला येत होतं.

"मशीन जुनं म्हणालात ना? नक्की टू?"

"मी ग्रॅज्युएट आहे," मी म्हटलं. याचा त्या प्रश्नाशी काय संबंध, ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने मान डोलवली आणि एक जीबीची चकचकीत पट्टी डबीत घालून दिली.

घरी आल्यावर वायर काढली, कॅबिनेट आडवं केलं, आणि पट्टी रिकाम्या स्लॉटवर ठेवून दाबली. बसेना. उलटी करून दाबली. दोन्ही अंगठे लावले. आई म्हणाली, "मी बसू का त्यावर?"

बाबा जाळं बाजूला ठेवून आले. "जोर नको लावू. जी बसायची ती आपसूक बसते." त्यांनी जुनी पट्टी काढायला लावली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. लांबी एकच. पण खालच्या कडेला जी खाच असते, ती एकीत थोडी इकडे आणि दुसरीत थोडी तिकडे. फरक करंगळीच्या नखाएवढाही नाही. "ही हिची नाय," बाबा म्हणाले. बारा वर्षं होडीचे पार्ट बघितलेल्या माणसाला तीन सेकंद लागले.

बुधवारी ते स्वतः माझ्याबरोबर आले. जुनी पट्टी त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवली होती. रुमाल धुतलेला असला तरी डिझेलचा वास काही सोडत नव्हता. दुकानदाराने पट्टी नाकाजवळ नेली, लांब केली आणि म्हणाला, "ही वन आहे. नवीन मिळत नाही आता. तुमची ती मी परत घेतो, पण या जातीची हवी तर सुकापूरला जा. तिथे एक जण जुनी मशीनं खोलतो."

सुकापूरच्या माणसाचं घर म्हणजे पलंगावर मदरबोर्ड आणि पलंगाखाली माणसं झोपत असावीत अशी परिस्थिती. त्याने दोन पट्ट्या काढल्या. एक पाचशे बारा एमबीची, दुसरी एक जीबीची. "तुमच्या बोर्डला एक जीबीची एक पट्टी चालते?"

बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग पाचशे बारा घ्या. ती चालेलच. जुनी शेजारी राहू द्या."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आज बरा बोललीस."

पट्टी खरंच आपसूक बसली. टक असा आवाज आला. बाराव्या तोंडाला आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. काका हनुवटीसकट आले. आईने हात जोडले. पंधरा, वीस, पंचवीस. बत्तिसाव्याला मशीन पुन्हा गप्प झालं.

गुरुवारची दुपार. "तीन तोंडं कोनाची काडू?" बाबांनी यादी हातात घेतली, वाचली, खाली ठेवली. काढता येईल असं एकही घर नव्हतं.

मी एकेका फोटोचा आकार बघायला लागले. सगळे पासपोर्ट साइज स्कॅन केलेले, चिमुकले. एकच फाइल बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठी निघाली. माझी. पदवीच्या झग्यात, टोपी घालून, गुंडाळी हातात. स्टुडिओवाल्याकडून मी तो फोटो सगळ्यात मोठ्या आकारात स्कॅन करून आणला होता, झग्याची झालर स्पष्ट दिसावी म्हणून. शुभेच्छुकांत बाईमाणूस कधीच नसतं. मी कोणाला न विचारता स्वतःला घातलं होतं.

"माझा काढते," मी म्हटलं.

बाबा म्हणाले, "काडायचा नाय. सगल्यांएवडा कर."

केला. झालर गेली, गुंडाळीची काडी झाली, टोपी मात्र ओळखू येत होती. चौतीस तोंडं आणि पस्तिसावी मी, एकदम बसलो. फाइल वेळेत गेली.

शनिवारी संध्याकाळी चुलतकाका आले ते थेट बॅनरसमोर उभे राहिले. बाबा मांडवाच्या खांबाला धरून होते. काकांनी खालून वर बघितलं. स्वतःला शोधलं, सापडले. मग बोट माझ्यावर.

"पोरीला टाकलीस व्हय?"

"कॉम्प्युटर तिचा हाय," बाबा म्हणाले.

काका बॅनरच्या आणखी जवळ सरकले. "टोपी बरी हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माजी पोर पुडल्या वर्साला बी.ए. व्हईल. तवा तिलाबी टाकशील ना, टोपीसकट?"

"टाकीन काका."

ते चपला काढून जेवायला बसले. बाबांनी खांब सोडला. माझ्या मशीनमध्ये रॅमचे स्लॉट दोनच होते आणि दोन्ही भरले होते, पण हे काकांना जेवताना सांगण्यासारखं नव्हतं.