सोमवारची पट्टी आन् बुढ्याची गाडी

त्या साली कापूस घरात आलाच नाई म्हना. कापसाची खोली रिकामी पडली, म्हनून तं थे गाडी आत घुसली. खोली भरली असती तं बुढ्यानं तिले ठेवली असती कुठं?

बुढा म्हंजे माहा नवरा. तवा काही बुढा नोता. हैदराबादच्या रोडवर ट्रक चालवे. पाठीनं दगा देल्ला, मंग तांड्यात येऊन शेती करू लागला. शेतीनं बी दगा देल्ला. रोडवरच्या ढाब्यावर एक्सिडेंटची मोठी फटफटी पडून व्हती, लंबी, जड, म्हशीवानी. ढाबेवाला म्हने घेऊन जा बाबा, माही जागा तं मोकळी होईन. यानं आनली, ठोकूनठाकून चालू केली. मी कापसाची खोली झाडून देल्ली. मलेच तिची गरज व्हती.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटता उपटता खुंट माह्या डाव्या पायात घुसला, आंगठ्याच्या बुडाशी. रक्तात साखर निघाली, जखम भरेच ना. पांढरकवड्याच्या डॉक्टरनं सांगतलं, दर सोमवारी पट्टी बदलाले या, नागा केला तं आंगठा काढा लागन. आमच्या तांड्यात एसटी येत नाई. रोडपावतर जंगलातून पायी जा लागे, आन् पाय हा असा. बैलबंडी व्हती, थे बैलासंगं केव्हाच इकल्या गेल्ती.

पहिले सोमवार चांगले गेले. गाडीले डाव्या अंगानं बायांसाठी लोखंडी जाळी व्हती, खाली पाय ठेवाले पट्टी. आमच्या बायांचा फेट्या म्हंजे घागरा, घेरच घेर, त्याच्यावर आरसे. जाळी नसली तं चाकात गेलाच समजा. मी एका अंगानं बसो, दुखरा पाय त्या पट्टीवर टेकवो, आन् दवाखान्यात पोचो.

मंग एक दिवस रोडनं हैदराबादचे पोरं गेले, मोठमोठ्या गाड्या घेऊन. हँडल उंच, सीट खाली, मांगचं चाक रुंद. बुढा पाह्यतच राह्यला. घरी आला आन् गाडी सुदरवाले बसला.

पहिले जाळी काढली, खालच्या पट्टीसकट. मी म्हनलं, अजी, माहा फेट्या चाकात जाईन. तं म्हने, कोंबड्याच्या खुराड्यावानी दिसते थे, तू दोहीकडं पाय टाकून बस, शहरातल्या बाया बसतेत. म्हनलं, ठीक हाय. तांड्यातल्या बाया पदराआड हसल्या, तांड्याच्या नायकाची सासू तं खास दारात येऊन उभी राह्यली. मी फेट्या आवरला आन् बसली. लाज धरून पाय बरा होत नोता. पुढच्या सोमवारी पाह्यते तं मांगचे पायदान बी गायब, आन् सीट बी एकाच मानसाची.

"आता मी बसू कुठं, पाय ठेवू कुठं?"

"थांब ना वो. काम पुरं कुठं झालं अजून?"

"एवढी मोठी म्हैस, आन् बसाले जागा एका बगळ्याची," मी म्हनलं.

थो हसला. मले हसू आलं नाई. थो सोमवार गेला.

काम पुरं होयेच ना. माह्या पिठाच्या परातीत कार्बोरेटर धुतला, भाकरीले पेट्रोलचा वास ये. रुंद टायर टाकलं तं थे मडगारले घासे. हँडल उंच केलं तं क्लचची वायर पुरेना. वायर पांढरकवड्यात भेटे. थो उठला, रोडपावतर पायी गेला, एसटीनं जाऊन वायर घेऊन आला. मी खाटेवर पाय वर करून त्याच्याकडं पाह्यत राह्यली. शेतात त्याच्या हातून काही होत नोतं, इथं हातात पाना तं व्हता, हे मले समजे. पन जखमेले वास येऊन राह्यलता, थे त्याले काहून समजत नोतं?

शेवटी सीट लांब केली, मले बसवलं. पाय मी तशेच लोंबकळत ठेवले. जंगलात अर्ध्या वाटेवर चैन निंगाली. थो खाली बसून ठोकत राह्यला, म्हने होते आता, होते आता. ऊन चढलं. एक लाकडाचा ट्रॅक्टर आला, त्याच्यावर मी चढली.

डॉक्टरनं पट्टी सोडली आन् नाकावर रुमाल धरला. किती सोमवार झाले आले नाई, म्हने. बुढा मांगून कसातरी पोचला व्हता, हात काळे. थो भिताडाकडं पाहू लागला. आंगठा काढला.

घरी आल्यावर यानं गाडीले पाय ठेवाची नवी पट्टी घडवली, चांगली रुंद, धारा घासून गुळगुळीत. जाळी बी पुन्हा बसवली. मले म्हने, पाय टेकवून पाह्य, बराबर बसते का. मी टेकवला. बराबर व्हती. बसली बी मी त्याच्यावर. न बसून करती काय? दवाखाना पांढरकवड्यातच व्हता, आन् पट्टी अजून चालूच व्हती.

तिसऱ्या सोमवारी गाडी चालूच झाली नाई. यानं किका मारल्या, घाम पुसला, पुन्हा मारल्या. मी काठी घेतली आन् रोडकडं निंगाली. मांगून थो गाडी ढकलत येऊन राह्यला.

"थांब वो, उतार आला का सुरू होते पाह्य."

मी थांबली नाई.