कारणावाचून आलेलं

चहाचं आधण उकळायच्या बेतात होतं. तळाशी कुठूनसा एक बुडबुडा उठला आणि वर येऊन फुटला. माझी मुलगी सायली भौतिकशास्त्र शिकते, सुट्टीला घरी आली होती. ती म्हणाली, "आई, विश्वसुद्धा असंच उगवलं असेल, असं काहीजण मानतात. रिकाम्या पोकळीतही सारखी खळबळ चालू असते. त्यातूनच, कुणी काही न करता."

"आणि एवढी ऊर्जा आणली कुठून?"

"आणावीच लागली नसेल. पदार्थाची अधिक, गुरुत्वाकर्षणाची उणे. बेरीज कदाचित शून्यच."

ती हे मजेत सांगत होती, पण मला त्यात मजा वाटेना. हे डोंगर, ही माणसं, ही पोर, सगळं कारणावाचून आलेलं? मग कारणावाचून जायला त्याला कोण अडवणार?

"मग एक दिवस असंच जाईलही?"

"कुणाला ठाऊक!" असं म्हणून हसत ती अंघोळीला गेली.

आतून पाण्याचा आवाज येत होता. तो एकाएकी थांबला.

"सायली!" मी ओरडले. धावत जाऊन मी दार बडवलं.

"अगं, शाम्पू लावतेय! काय झालं?"

कडी निघेपर्यंत मी दाराला हात लावून तिथंच उभी राहिले.