बाळारामदादाचे साडेचार तास

बाळारामदादा गेला त्या दिवशी कागदावर त्याचे साडेचारच तास भरले होते. कायद्याने दिवसाला आठ, म्हणजे अजून साडेतीन शिल्लक होते. मी तेव्हा पनवेलच्या छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत बसलो होतो. उरणहून आलेल्या एसटीचा कंडक्टर दारातच उभा राहिला, आत आला नाही. "तुमचा दादा... जासईच्या अलीकडे, चिंचेवर," एवढंच म्हणाला. चैत्रातली दुपार, अडीचचा सुमार, रस्ता सरळ आणि कोरडा, ट्रक रिकामा. डांबरावर ब्रेक दाबल्याची एकही खूण नव्हती. सरळ रस्ता सोडून ट्रक हळूहळू कडेला उतरत गेला होता आणि झाडावर जाऊन थांबला होता. ज्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही अशांनीसुद्धा संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं, प्यायलेला असणार. दादा आयुष्यात कधी प्यायला नाही. त्याला झोप लागली होती.

दादा माझा मावसभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आमची दोन्ही घरं मिठागरातली. मी शिकून कामगार युनियनची पत्रकं लिहायला लागलो आणि तो मिठाचा ट्रक चालवायला लागला. उरणचं मीठ खोपोलीचा घाट चढून वरच्या वखारीत टाकायचं आणि रिकामं परत यायचं, हा त्याचा रस्ता. आमच्याकडच्या ड्रायव्हरांची एक रीत आहे. बायका टोपल्यांनी मीठ ओततात, पण ते ट्रकमध्ये पसरायचं काम ड्रायव्हर दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मीठ एका बाजूला बसलं तर वळणावर ट्रक कलंडतो, म्हणून तो स्वतः वर चढतो, फावडं घेतो आणि शेवटच्या टोपलीपर्यंत मीठ सारखं करत राहतो. याला आमच्यात भरण म्हणतात. भरणाला चार-पाच तास सहज जातात, वर उन्हाचे दिवस, पायाला मिठाच्या चिरा. पण ड्रायव्हरला विचारा, आज काम किती झालं? तो चाक फिरायला लागल्यापासून मोजेल. भरण त्याच्या लेखी काम नाहीच. अंघोळ करण्याइतकं ते त्याचं स्वतःचं.

कायदा येण्याआधी दादा दिवसाला दोन खेपा मारायचा. "झोप डोल्यात येत न्हाय रं," तो मला सांगायचा, "आदी पायात येते. पाय जड झाला का समजायचा, आता आपुन गेलो." हे वाक्य मी जसंच्या तसं पत्रकात घातलं होतं. तासांना मर्यादा पाहिजे म्हणून आम्ही तालुकाभर फिरलो, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध मालकांनी नाही, ड्रायव्हरांनीच केला. पगार खेपेवर, खेप कमी तर पगार कमी. एका सभेत मागून कोणीतरी म्हणालं, "कागूद लिवनाऱ्याला काय, त्याचा टाक पंक्चर होत न्हाय." सगळे हसले. दादा उठला. "हसा," म्हणाला, "पन उद्या मी मेलो तर माज्या घरी हसत याल काय?" पुढे कायदा आला, दुसरी खेप बंद झाली. महिनाभराने दादा म्हणाला होता, "आता घाट उतरताना मना घाट दिसतो." मर्यादेने काय होतं असं विचारणाऱ्यांना मी आजही एवढंच सांगतो.

आता माझी गोष्ट. कायदा वरून येतो, पण तास लिहायचे कसे हे गावात ठरतं. मालकांची माणसं आणि आम्ही असे पनवेलला एका खोलीत बसलो आणि तासांचा तक्ता मी तयार केला. कायद्यात भरणासारखी कामंही कामातच धरली आहेत. त्या खोलीत कायदा वाचलेला मी एकटाच होतो. पण मालक अडून बसले, भरणाचे तास धरले तर सह्याच करणार नाही म्हणाले, आणि मला सह्या हव्या होत्या. मी तक्त्यावर लिहिलं, "चाकावरचे तास". बाकीच्या वेळासाठी शेजारी रकाना केला, "विश्रांती". बाहेर आलो तेव्हा दादाने विचारलं, "मंग भरण?" मी म्हटलं, "दादा, सगळं एकदम मागितलं तर हातात काहीच येणार नाही. भरण पुढच्या वर्षी." "बरा," म्हणाला, "पुढारी तू." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं...

अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांसमोर मालकांच्या मुकादमाने तोच तक्ता ठेवला. चाकावर साडेचार तास, त्याआधी विश्रांती साडेपाच तास. खाली सकाळी निघतानाच घेतलेली दादाची सही. साहेबांनी दोनदा वाचलं. "साडेपाच तास विश्रांती घेतलेला माणूस दमला कसा म्हणायचा? ही हयगय दिसते." हयगय हा शब्द एकदा अहवालात गेला की दादा कायमचा गुन्हेगार. मालक वर म्हणायला मोकळे, मर्यादा पाळूनही माणसं मरतात, मग मर्यादा हवी कशाला? मी बाकावर बसून होतो. उभा राहून 'तक्ता चुकीचा आहे' म्हटलं असतं, तर सह्यांसकट सगळा करार मोडला असता. मी गप्प बसलो. सभांतून दुसऱ्यांच्या गप्प बसण्यावर मी किती बोललोय...

त्या संध्याकाळी वहिनीकडे गेलो. जे घडलं ते सगळं सांगितलं, भरणाचं माझं वाक्यसुद्धा. ती रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. तिने फडताळातून एक गजराचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं. "बग," म्हणाली. गजराचा काटा साडेतीनवर होता. "आदल्या राती त्यानंच लावला. मी चावी देते, पन काट्याला हात लावला न्हाय." पहाटे साडेतीनला उठून, चालत मिठागरावर जाऊन, दहापर्यंत हा माणूस फावडं मारत होता. मी त्याला विश्रांती असं नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला बरोबर घेऊन गेलो. साहेबांच्या टेबलावर घड्याळ ठेवलं, शेजारी तक्ता ठेवला आणि म्हणालो, "हा तक्ता मी लिहिलाय. कायदा माहीत असून खोटा लिहिलाय. मयताने सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून." मुकादम हसला. "साहेब, गजर लावला म्हणजे माणूस उठला असं थोडंच आहे?" वहिनीने पदर सारखा केला आणि शांतपणे विचारलं, "तो उठला नसता त तुमचा मीठ कोनी भरला असता?" साहेबांनी टाक उचलला आणि सगळं लिहून घेतलं, माझं नाव दोनदा विचारून.

मालकांनी करार मोडला, ते मी धरूनच चाललो होतो. नव्या तक्त्यात पहिला रकाना 'उठण्याची वेळ' असा आहे. अजून एकाही मालकाची त्यावर सही नाही, पण अकरा ड्रायव्हर तो भरतात, आणि परवा एकाने भरणानंतर ताडपत्रीखाली तासभर झोपून मगच ट्रक सुरू केला. मुकादम ओरडत होता, तो उठला नाही. चौकशीचा निकाल अजून लागलेला नाही. रविवारी मी वहिनीकडे गेलो तेव्हा ती घड्याळाला चावी देत बसली होती. पहाटे ते वाजतं, ती उठते, आणि मग उजाडेपर्यंत चुलीपुढे नुसती बसते, असं शेजारी सांगतात. मी म्हटलं, "वहिनी, काटा जरा पुढे करू काय? सहावर?"

"नको," ती म्हणाली. "सायेब परत बोलवील त?"