शेडचे लांब स्क्रू

पिकअपवाले भाऊहो, हे वाचाच.

सकाळी गाडीच्या मागच्या चाकांवरच्या मडगार्डला आतून प्लास्टिकचे लायनर बसवले. चिखलानं पत्रा सडत होता. सोबत आलेले स्क्रू आखूड वाटले, म्हणून पोल्ट्रीच्या शेडचे उरलेले लांब स्क्रू घेतले. खालून ड्रिल शिरेना, तर मागच्या हौद्यातून खाली, चाकाच्या दिशेनं मारले. गाडी रिकामी, जॅकवर. चाक हातानं फिरवलं, कुठंच घासलं नाही.

दुपारी चुलतभाऊ सुनील त्याच गाडीत नवापूरहून कोंबड्या भरून निघाला. वाटेतून फोन आला, "दादा, मांगलं चाक घासाई ऱ्हायनं."

मी म्हणालो, "नवं प्लास्टिक शे, घासी घासी बठी जाई. तू ये."

भरलेल्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे दबून हौदा चाकांजवळ आला होता. स्क्रूच्या टोकांनी टायर कापला. खांडबाऱ्याजवळ तो फुटला आणि गाडी उलटली.

आता दवाखान्यात बसलोय. सुनीलचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागणार आहे. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "मन्हीच चूक शे दादा. गाडी थांबाडाले जोयजे व्हती."

मी होकारार्थी मान डोलावली.

तुम्हाला सगळं लिहिलं. त्याला कसं सांगू? तोही या ग्रुपवर आहे, पण त्याचा मोबाईल सध्या माझ्याच खिशात आहे.